जुन्या वेळेवरून नवी वेळ: कुलाब्यातून सुरू होणारा एक हिशेब

दहा किलोमीटर ५० मिनिटांत धावणाऱ्याला जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन किती वेळात जमेल? हे उत्तर आज मोबाइलवर क्षणात मिळते. पण हा हिशेब सूत्रात बसवणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एकाचा जन्म कुलाब्यातला आहे, हे मुंबईच्या धावपटूंना क्वचितच ठाऊक असते. आर्थर केनेली, जन्म १८६१, पेशाने विद्युत अभियंते. १९०६ मध्ये त्यांनी शर्यतीच्या घोड्यांचे आणि माणसांचे विक्रम तपासले. वेळ ही अंतराच्या ९/८ घाताने वाढते, असे त्यांना आढळले. अंतर दुप्पट झाले की वेळ साधारण २.१८ पट.

१९७७ मध्ये पीटर रीगल या अमेरिकी अभियंत्याने घातांक १.०६ वर आणला. आजची अनेक गणकयंत्रे हेच सूत्र वापरतात. कृती सोपी आहे: नव्या अंतराला जुन्या अंतराने भागा, उत्तराचा १.०६ घात काढा, त्याने जुनी वेळ गुणा. वरच्या धावपटूसाठी ४२.१९५ भागिले १० म्हणजे ४.२१९५, त्याचा घात ४.६०, वेळ ३ तास ५० मिनिटे. केनेलींच्या घातांकाने हीच वेळ ४ तास १२ मिनिटांवर जाते. घातांकातल्या एवढ्याशा फरकाने २२ मिनिटे सरकतात! शिवाय रीगल यांनी सूत्राची हद्द साडेतीन ते २३० मिनिटे अशी आखली होती, आणि आपले उत्तर नेमके तिच्या काठावर पडते. लांब पल्ल्याचा सराव कमी असेल, तर तिसाव्या किलोमीटरनंतर स्नायूंतला साखरेचा साठा संपत येतो आणि ३:५० हातची जाते. अशांनी अर्ध मॅरेथॉनची वेळ आधार धरावी. तीही दमट हवेतली असेल, तर तसे टिपून ठेवावे.

पोहण्यात तलावाची लांबी आधी विचारायची. १०० मीटरला ५० मीटरच्या तलावात एकच टर्न, २५ मीटरच्या तलावात तीन, आणि प्रत्येक टर्नला भिंतीचा जोर मिळतो. त्यामुळे या दोन तलावांतल्या वेळा एका आलेखावर मांडू नयेत. पोहण्याचा वेग वाढवणाऱ्या पॉलियुरेथेन या कृत्रिम पदार्थाच्या सूटचा काळही वेगळा काढावा लागतो. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले आणि १ जानेवारी २०१० पासून ते सूट बंद झाले. २००८ आणि २००९ ही सूटची दोन वर्षे आलेखात तशीच ठेवली, तर रेषा फसवी तीव्र दिसते.

सरळ रेषेवर फार विसंबल्याची उदाहरणे गाजलेलीही आहेत. १९९२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या एका टिपणाने स्त्रिया १९९८ च्या सुमारास मॅरेथॉनमध्ये पुरुषांना गाठतील असे मांडले, तसे झाले नाही. २००४ मध्ये तिथेच १०० मीटरसाठी २१५६ साल सांगितले गेले. तीच रेषा आणखी लांबवली तर वेळ शून्याखाली जाते. सुरुवातीची घट मोठी दिसते, कारण तेव्हा धावणाऱ्या स्त्रियाच मोजक्या होत्या. संधी वाढली तशा वेळा झपाट्याने उतरल्या आणि पुढे रेषा सपाट होत गेली.

धावण्याच्या छोट्या शर्यतींत मात्र आधी घड्याळ तपासा. हाती घेतलेली वेळ स्वयंचलित वेळेशी ताडताना १०० आणि २०० मीटरला ०.२४ सेकंद, ४०० ला ०.१४ सेकंद मिळवायचा प्रघात आहे, कारण हातघड्याळ बंदुकीनंतर किंचित उशिरा सुरू होते. शाळेच्या मैदानावरचा ११.४ हा ११.६४ धरूनच पुढचा अंदाज बांधावा.