शॉकची पेटी भिंतीवर कशी आली

मोठ्या विमानतळांवर भिंतीत एईडीची पेटी लावलेली असते. एईडी म्हणजे बिघडलेले ठोके स्वतः ओळखून हृदयाला शॉक देणारं यंत्र. तिच्यामागची मूळ कल्पना 1899 सालची. जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली हे संशोधक कुत्र्यांवर विजेचे प्रयोग करत होते. सौम्य शॉकने हृदयाचे खालचे कप्पे ठोके सोडून नुसते थरथरतात आणि रक्त पुढे जात नाही, हे त्यांनी पाहिलं. हेच व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. जोरदार शॉक दिला की ती थरथर थांबते, हेही दिसलं. पण त्यांना शोधायचं होतं ते वीज जीव कशी घेते. जीव वाचवण्याची बाब नोंदीपुरती उरली.

ती पुन्हा उकरून काढायला लावली वीज कंपन्यांनी. अमेरिकेत तारांचं जाळं पसरलं तसे शॉक लागून लाइनमन मरू लागले. न्यूयॉर्कच्या वीज कंपनीने संशोधनाला पैसा दिला आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन कामाला लागले. हे गृहस्थ डॉक्टर नव्हेत, इलेक्ट्रिकल इंजिनिअर!

माणसावर पहिलं यश मिळालं 1947 साली, क्लीव्हलँडमध्ये. चौदा वर्षांच्या मुलाचं छातीचं ऑपरेशन संपत आलं असताना हृदय बंद पडलं. सर्जन क्लॉड बेक यांनी छाती पुन्हा उघडली आणि हृदय हातात धरून ते दाबत राहिले, पाऊण तासाच्या आसपास. दरम्यान प्रयोगशाळेतलं यंत्र आणलं गेलं. चमच्यांसारखे दोन इलेक्ट्रोड थेट हृदयाला लावून शॉक दिला. पहिला वाया गेला. औषध देऊन पुन्हा दिला आणि ठोके सुरू झाले. मुलगा बरा होऊन घरी गेला.

छाती न उघडता शॉक देणं पॉल झोल यांनी 1956 साली बोस्टनमध्ये साधलं. घरातल्या विजेसारख्या उलटसुलट प्रवाहाऐवजी कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेचा, एकाच दिशेने वाहणारा डीसी शॉक बर्नार्ड लाऊन यांनी 1962 च्या सुमारास रूढ केला. सोव्हिएत संघात गुर्विच नावाचे संशोधक त्या वाटेने आधीच गेले होते.

मला सगळ्यात रंजक वाटतो तो हॉपकिन्समधला योगायोग. शॉकसाठी पॅडल कुत्र्याच्या छातीवर जोरात दाबलं की वीज सोडण्याआधीच रक्तदाब किंचित उसळतो, हे कौवेनहोवेन यांच्या हाताखालच्या गाय निकरबॉकरने हेरलं. त्यातून 1960 साली छाती दाबण्याची पद्धत जगापुढे आली. आजच्या सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडल्यावर रक्त फिरतं ठेवण्याच्या तातडीच्या उपचाराचा, गाभा तोच.

तरी यंत्र हॉस्पिटलातच, आणि माणूस कोसळतो घरी नाहीतर रस्त्यात. शॉकला उशीर होईल त्या प्रत्येक मिनिटाला, सीपीआरही मिळत नसेल तर, जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी साठच्या दशकाच्या मध्याला मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं यंत्र अँब्युलन्समध्ये चढवलं. वजन सुमारे 70 किलो! पुढे ते काही किलोंवर आलं, आणि ठोके स्वतः तपासणारी यंत्रंही निघाली. सिनेमात ईसीजीची रेघ सपाट झाली की शॉक देतात. एईडी तिथे शॉक द्यायला साफ नकार देतं, कारण थांबवायला थरथरच नसते.

सामान्य माणसाच्या हाती ते द्यावं का, या वादात मोठा पुरावा आला कॅसिनोंतून. जुगाराच्या टेबलांवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे माणूस कधी कोसळला हे नेमकं कळायचं, आणि प्रशिक्षण दिलेले सुरक्षारक्षक एईडी घेऊन धावायचे. 2000 साली आकडे छापून आले: फिब्रिलेशनमध्ये गेलेल्या, डोळ्यांदेखत कोसळलेल्यांपैकी तीन मिनिटांत शॉक मिळालेले 74 टक्के वाचले, उशिरा मिळालेले 49 टक्के. पॅरामेडिक पोचायला सरासरी दहा मिनिटं लागत होती.