डीएस-२६०: अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज कसा भरावा

तिकडच्या नातलगाने तुमच्यासाठी केलेली आय-१३० याचिका मंजूर झाली की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. अमेरिकन नागरिकाच्या आईवडिलांना नंबर लागण्याची वाट पाहावी लागत नाही. भावंडांच्या एफ-४ वर्गात मात्र भारतीयांचा पंधरा वर्षांहून जास्त काळ जातो. म्हणून एनव्हीसीचे पत्र आले की वेळ दवडू नका. वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर प्रकरण रद्द होऊ शकते. पत्रातला केस नंबर आणि इनव्हॉइस आयडी वापरून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या सीईएसी पोर्टलवर लॉगिन होते.

आधी फी भरावी लागते: व्हिसा अर्जाची माणशी ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीपत्राची प्रकरणामागे १२० डॉलर. ती अमेरिकन बँकेच्या खात्यातूनच जाते, त्यामुळे सहसा याचिका करणारा नातलगच भरतो. पैसे जमा झाल्याची नोंद व्हायला काही दिवस लागतात, त्यानंतरच डीएस-२६० फॉर्म उघडतो. आय-८६४ हमीपत्र आणि टॅक्सचे कागदही त्यानेच द्यायचे.

फॉर्म प्रत्येकाचा वेगळा आणि इंग्रजीत. वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते त्यात लागतात. डोंबिवलीची चाळ, कळव्याची भाड्याची खोली, मग ऐरोलीचा फ्लॅट, असे महिना-वर्षासह आधी कागदावर उतरवून काढा. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खातीही विचारतात. मध्ये बराच वेळ थांबलात तर पान बंद होते, म्हणून भरता भरता सेव्ह करत राहा.

आपल्याकडे खरा घोळ नावांचा होतो. पासपोर्टवर ‘सुनीता रमेश पाटील’, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘सुनंदा गणपत भोईर’. बाई एकच, पण फॉर्ममध्ये पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे टाकून माहेरचे नाव ‘इतर नावे’ या रकान्यात न चुकता लिहावे लागते. मुले सगळी दाखवा, सोबत येणार नसली तरी, आधीच्या लग्नाची असली तरी. ठाणे स्टेशनजवळचा एजंट ‘हे नको दाखवू या’ म्हणाला तर ऐकू नका. फॉर्म कोणीही टाइप केला तरी सही तुमची असते, आणि महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्यास अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते.

कागदपत्रे स्कॅन करून त्याच पोर्टलवर चढवायची. पासपोर्ट, जन्मदाखला, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा, आणि सोळा वर्षांवरील प्रत्येकाचे पीसीसी, म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट. भारतातले पीसीसी पासपोर्ट सेवा पोर्टलवरून ५०० रुपयांत मिळते. ठाणेकरांना वागळे इस्टेटचे केंद्र जवळ पडते. सोळा वर्षांचे झाल्यावर दुबई-मस्कतला वर्षभर किंवा जास्त राहिला असाल, तर तिथल्या पोलिसांचेही लागते. त्याला वेळ जातो, ते आधी सुरू करा.

जुन्या पिढीची जन्मनोंद बरेचदा सापडत नाही. अशा वेळी महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या आणि शाळेचा दाखला, जवळच्या नातलगांची प्रतिज्ञापत्रे जोडा. कागद फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर हवे, आणि भाषांतर अचूक असल्याचे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायला हवे.

सबमिट केल्यावर फॉर्म बदलता येत नाही. चूक लक्षात आली तर एनव्हीसीला कळवून तो पुन्हा उघडून घेता येतो. कन्फर्मेशन पानाची प्रिंट काढून ठेवा, बीकेसीतल्या कॉन्सुलेटमधल्या मुलाखतीला ती लागते. मेडिकल मुलाखतीची तारीख मिळाल्यावरच, आणि तेही कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच.

एक गोष्ट घरातल्या थोरांनी ध्यानात ठेवावी. एफ-४ मध्ये आईवडिलांसोबत जाणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे वय एकवीसच्या आत आणि लग्न न झालेले असावे लागते. वयाच्या हिशोबात कायद्याने थोडी सूट मिळते, लग्नाला मिळत नाही. मुलगी उपवर असेल आणि तिलाही सोबत न्यायचे असेल, तर ती व्हिसावर अमेरिकेत उतरेपर्यंत लग्न थांबवा, साधे कोर्ट मॅरेजसुद्धा नको.