सिगारेट सुटल्यावरचं पहिलं दुःख

सिगारेट सोडलेल्या माणसानं पुन्हा कुठे सुरू केली, हे त्यालाच विचारून बघा. कुणी सांगेल, वडील गेले तेव्हा स्मशानाबाहेर. कुणी सांगेल, बायको आयसीयूत होती, त्या रात्री हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचं भावाशी जमिनीवरून बोलणं तुटलेलं असतं. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात अवघड समजले जातात. ते यातल्या बहुतेकांनी दात-ओठ खाऊन काढलेले असतात. मधले कित्येक महिने तर सिगारेटची आठवणही झालेली नसते. मग एका संध्याकाळी सगळं मुसळ केरात. घरचे म्हणतात, निश्चय कमी पडला. तोही मान खाली घालून तेच म्हणतो. मला हे निदान चुकीचं वाटतं, आणि निदान चुकलं की उपायही चुकतो.

सॉल शिफमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८२ मध्ये सिगारेट सोडलेल्या १८३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोह अनावर झाल्यावर मदतीसाठी फोन करणारी ही माणसं होती. नेमकं काय चाललं होतं तेव्हा, असं त्यांना विचारलं गेलं. बहुतेकांच्या उत्तरात काळजी, राग नाहीतर उदासी होती. उरलेल्यांमध्ये बरेचसे प्रसंग मजेचे होते: मित्र जमलेले, खाणं-पिणं रंगलेलं. शरीराला निकोटिन कमी पडलं म्हणून जीव कासावीस झाला, असं चित्र त्या मानानं कमी दिसलं.

पण सगळ्याच वाईट भावना सारख्याच घातक असतात का? २०२० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या चार्ल्स डॉरिसन, जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर दिलं. त्यांनी दहा हजारांहून जास्त अमेरिकन लोकांच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि जोडीला प्रयोगही केले. धूम्रपान करणाऱ्यांच्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे व्हिडिओ दाखवले. दुःखद प्रसंग पाहिलेल्यांची तल्लफ वाढली. प्रत्यक्ष ओढायला दिल्यावर त्यांचे झुरकेही मोठे आणि लांब निघाले. किळस हीसुद्धा नकोशीच भावना, पण तिनं तल्लफ तशी वाढली नाही. म्हणजे ‘मूड खराब असला की ओढावीशी वाटते’ हे विधान ढोबळ आहे. खरं वजन दुःखाला आहे, काहीतरी गमावल्याच्या भावनेला. या निष्कर्षानं मला स्मशानाबाहेरच्या त्या सगळ्या कहाण्यांचा अर्थ लागला.

आता सिगारेट दुःखात करते तरी काय? झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. तिथे ॲसिटिलकोलिन या आपल्याच रसायनासाठी असलेल्या ग्राहींवर (पेशींवरच्या ‘रिसेप्टर्स’वर) ते बसतं आणि बरं वाटायला लावणारं डोपामिन हे रसायन सुटतं. रोजच्या माऱ्यामुळे मेंदू या ग्राहींची संख्या वाढवून ठेवतो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, वाढलेल्या ग्राही रिकाम्या पडू लागतात, आणि मग चिडचिड, अस्वस्थता, कशातच लक्ष न लागणं सुरू होतं. पुढची सिगारेट ही अस्वस्थता शमवते. ओढणाऱ्याला वाटतं, टेन्शन गेलं. गेलेलं असतं ते मागच्या सिगारेटनं तयार केलेलं टेन्शन. साहेबाचं बोलणं, आईचा रिपोर्ट, बँकेचा हप्ता जिथल्या तिथे असतात. ब्रिटिश संशोधक अँडी पॅरट यांनी १९९९ मध्ये हा मुद्दा सविस्तर मांडला: ओढणारा माणूस सिगारेटनंतर जेमतेम त्या पातळीवर येतो, जिथे न ओढणारा आधीपासूनच असतो.

तरीही ‘सोडली तर माझं मन सांभाळणार कोण’ ही भीती खोटी नसते. पहिल्या आठवड्यात मन खरोखरच बिघडतं. पण हा काळ दोन ते चार आठवड्यांचा असतो, आणि वाढलेल्या ग्राहीही काही आठवड्यांत पूर्ववत होत जातात. त्यापुढचं चित्र २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं. जेम्मा टेलर आणि सहकाऱ्यांनी २६ अभ्यास एकत्र करून पाहिले. सोडलेल्यांमध्ये उदासी, चिंता आणि ताण कमी झालेले होते, न सोडलेल्यांमध्ये नव्हते. हा फरक उदासीवरच्या औषधांनी पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा होता आणि आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही दिसला. मला विचाराल तर ही माहिती पाकिटावर छापली पाहिजे. कॅन्सरचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण सोडल्यावर मन हलकं होतं हे फारच थोड्यांना ठाऊक असतं.

मग शरीरातून निकोटिन जाऊन आठ महिने झाल्यावर दुःखात हात पाकिटाकडे का जातो? कारण मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात. एक म्हणजे निकोटिनची सवय. ती काही आठवड्यांत ओसरते. दुसरी म्हणजे शिकवण. वीस वर्षं प्रत्येक अपमानानंतर, प्रत्येक भांडणानंतर, प्रत्येक अंत्ययात्रेनंतर सिगारेट पेटली असेल, तर ‘हे वाटलं की ते करायचं’ ही जोडी मेंदूत घट्ट बसते. सिगारेट सोडल्यानं ती पुसली जात नाही. तिच्यावर ‘हे वाटलं तरी ते केलं नाही, आणि काही बिघडलं नाही’ हा नवा धडा गिरवला जातो. शिकण्याचं विज्ञान सांगतं, की असा नवा धडा ज्या परिस्थितीत गिरवला तिथेच पक्का असतो. परिस्थिती बदलली की जुना वर येतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. सकाळचा चहा, ऑफिसातली मधली सुट्टी, जेवणानंतरची शतपावली या गोष्टी रोज येतात, त्यामुळे आठ महिन्यांत त्यांचा धडा शेकडो वेळा गिरवून झालेला असतो. वडिलांचा मृत्यू त्या आठ महिन्यांत एकदाही आलेला नसतो. त्या संध्याकाळी स्मशानाबाहेर उभा असलेला माणूस चहाच्या बाबतीत मुरलेला असतो आणि शोकाच्या बाबतीत पहिल्या दिवसावर असतो. त्याचा निश्चय कमी पडलेला नाही. त्याची ती परीक्षाच पहिल्यांदा होते आहे.

याला दुजोरा देणारं एक विचित्र निरीक्षण २०११ मध्ये आलं. गिल्लिंदर बेदी आणि सहकाऱ्यांनी सिगारेट सोडलेल्या लोकांना ७, १४ किंवा ३५ दिवसांनी सिगारेटची आठवण करून देणारी दृश्यं दाखवली. एरवीची, मागे घुटमळणारी तल्लफ दिवसांबरोबर कमी झाली होती. दृश्य पाहून उसळणारी तल्लफ मात्र ३५ दिवसांवाल्यांमध्ये जास्त होती. म्हणून महिन्याभरानं अचानक उसळी आली, तर आपलं काहीतरी चुकतंय असं कुणी मानू नये.

ही उसळी शरीरात जाणवते: घशात, छातीत, हाताच्या बोटांत. मेंदूच्या घडीत आत दडलेला ‘इन्सुला’ नावाचा भाग शरीराच्या अशा जाणिवा एकत्र करतो. नासिर नक्वी, अँटवान बेशारा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूला इजा झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांच्यापैकी १९ जणांच्या इन्सुलाला इजा होती. त्यातल्या १३ जणांची सिगारेट सुटली, आणि १२ जणांची तर सहज, तल्लफ न येता. दिवसाला चाळीसच्या वर सिगारेटी ओढणाऱ्या एका रुग्णानं पक्षाघातानंतर सांगितलं, की त्याच्या शरीराला ओढण्याची इच्छाच आठवेनाशी झाली. हा काही उपाय नव्हे. पण तल्लफ ही शरीराची जाणीव आहे, हुकूम नव्हे, हे यातून कळतं. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी व्यसनमुक्तीच्या उपचारात हेच वापरलं. तल्लफेशी झटापट न करता ती कुठे जाणवते, कशी चढते, कशी उतरते याकडे लक्ष द्यायचं. ती लाटेसारखी काही मिनिटांत ओसरते, बहुतेक वेळा सिगारेट न पेटवताच.

भावनेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे तिला नाव देणं. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांशी संबंधित भागाची खळबळ कमी झालेली दिसली. आपल्याकडे पुरुष सगळ्यालाच ‘टेन्शन’ म्हणून मोकळे होतात. पण राग आलाय, की लाज वाटतेय, की एकटं पडल्यासारखं झालंय? एकटेपणा असेल तर फोन हवा, राग असेल तर दहा मिनिटं भरभर चालणं. (भरभर चालण्यानं तल्लफ तात्पुरती उतरते, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलेलं आहे.) रडू येत असेल, तर रडायला जागा हवी.

इथे आपल्या घरांविषयी थोडं बोललं पाहिजे. मृत्यू झालेल्या घरात दहा-तेरा दिवस माणसांची रीघ असते. मोठ्या मुलाला एक क्षण एकटं मिळत नाही. सांत्वनाला आलेल्यांना पाणी द्यायचं, भटजींची यादी, बाराव्या-तेराव्याचं जेवण, दाखल्यासाठी महापालिकेत खेप. ‘जरा बाहेर जाऊन येतो’ हे वाक्य त्याची एकमेव सुटका असते, आणि त्या वाक्याला सिगारेट चिकटलेली असते. त्याला खरी गरज असते बाहेर जाण्याची, श्वास घेण्याची, कुणी प्रश्न न विचारता पाच मिनिटं उभं राहण्याची. सिगारेट ही फक्त त्याची सबब होती. तेव्हा सबब बदला. दूध आणायला जा, गच्चीवर जा, भाच्याला कडेवर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जा. आणि घरच्यांनीही, तो उठला की लगेच ‘कुठे चाललास?’ म्हणू नये. त्याच्या बहिणीनं किंवा मित्रानं न बोलता सोबत चालावं.

हे सगळं त्या क्षणी सुचणार नाही, म्हणूनच ते आधी ठरवायला हवं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं संशोधन सांगतं, की ‘मी ओढणार नाही’ अशा नुसत्या निश्चयापेक्षा ‘असं झालं तर मी तसं करीन’ हे जोडवाक्य जास्त टिकतं. ते नेमकं हवं. ‘स्मशानातून बाहेर पडल्यावर मी पानपट्टीकडे न वळता सरळ गाडीत बसेन.’ ‘डॉक्टरांनी वाईट बातमी सांगितली, तर आधी दादाला फोन करीन.’ आईवडिलांच्या मृत्यूविषयी असं आधी ठरवणं कुणाला अभद्र वाटेल. मला ते जबाबदारीचं वाटतं.

निकोटिनचं च्युइंगगम जवळ ठेवणंही शहाणपणाचं, सोडून बरेच दिवस झाले असले तरी. हृदयविकार, गरोदरपण वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारून. मात्र ते साध्या च्युइंगगमसारखं चघळलं, की निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात आणि लोक ‘काही उपयोग नाही’ म्हणून फेकून देतात. दोन-चार वेळा सावकाश चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचं, झिणझिणी गेली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, कारण आम्ल असलं की निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही. आणि हे सिगारेटसारखं सेकंदांत चढत नाही, तेव्हा कठीण प्रसंग समोर दिसत असेल तर आधीच तोंडात ठेवावं.

चहा-कॉफी जपून घेण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते डॉक्टरही क्वचितच सांगतात. धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिन झपाट्यानं निकालात काढतं. सिगारेट सुटली की तो वेग मंदावतो, आणि तेवढ्याच कपांत रक्तातलं कॅफिन दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. छातीत धडधड, हाताला कंप, झोप नाही. माणूस समजतो, सिगारेटविना जगणं जमत नाहीये. सुतकाच्या घरात तर दर पाहुण्यामागे एक कप होतो. सोडल्यानंतर चहा-कॉफी निम्मी करून पाहा.

आणि पेटलीच एक, तर? मार्लट यांनी दाखवून दिलं, की एका सिगारेटपेक्षा तिच्यानंतरचा विचार जास्त घात करतो: ‘संपलं, माझ्याच्यानं होणार नाही.’ या अपराधी भावनेतूनच दुसरी पेटते. एक सिगारेट ही एक सिगारेटच असते. उरलेलं पाकीट पाण्यात बुडवावं आणि त्याच दिवशी एका माणसाला सांगावं. ज्याला सांगितलं, त्यानं ‘मला वाटलंच होतं’ हे तीन शब्द कृपा करून गिळावेत. लपवायला लागलेला माणूस महिन्याभरात पुन्हा पाकिटावर जातो.

महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३.८ टक्के निघाले, धूररहित तंबाखूवाले २४.४ टक्के. तेव्हा वरचं बरंचसं, चहाचा मुद्दा सोडून, चुना-तंबाखू मळणाऱ्या आणि मिश्री लावणाऱ्यांनाही लागू आहे. दुःखात सिगारेट नको म्हणून पुडी तोंडात टाकणं ही सुटका नव्हे, त्यातही निकोटिनच आहे. उदासी दोन आठवड्यांनंतरही हटत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर ते तंबाखूचं प्रकरण उरलेलं नसतं. मानसोपचारतज्ज्ञ गाठावा, किंवा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर बोलावं. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी १८००-११-२३५६ आहे. हा नंबर पाकिटावरही छापलेला असतो, पण तो मोबाइलमध्ये आजच, काही बिघडलेलं नसताना साठवून ठेवा.