घुमे आणि हूड : मुलांच्या भावना व वर्तनावरील संशोधनाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या मराठी शाळेत बरीच वर्षे शिकवलेल्या शिक्षकाला त्रासदायक मुलांविषयी विचारले, तर त्याला आधी हूड मुले आठवतात आणि बऱ्याच वेळाने, आठवलीच तर, घुमी. हूड मूल मारामारी करते, उलट बोलते, वर्ग बंद पाडते. घुमे मूल बाकाच्या टोकाला बसते, परीक्षेच्या सकाळी त्याचे पोट दुखते आणि त्याची हजेरी हळूहळू विरळ होत जाते. पालकांना शाळेत बोलावणे जाते ते बहुधा हूड मुलाच्या. मुलांच्या भावनिक नियमनावरील, म्हणजे मूल आपल्या भावना कशा सांभाळते यावरील, आणि वर्तन-समस्यांवरील संशोधनाचा इतिहास पाहिला, तर तेथेही सुरुवातीची निदान साठ वर्षे बोलावणे हूड मुलालाच गेलेले दिसते.

१९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत ४३ मुलांचे वर्णन केले. ही मुले विलक्षण चिडखोर, आक्रमक आणि शिक्षेला न जुमानणारी होती. स्टिलने त्यांच्या दोषाला नैतिक नियंत्रणातील उणीव म्हटले. आज हे शब्द कानाला खटकतात, पण बुद्धी शाबूत असलेल्या मुलाचेही स्वतःवर नियंत्रण राहू शकत नाही आणि त्याचे कारण वैद्यकाने शोधावे, ही त्यातली कल्पना त्या काळाच्या मानाने पुढची होती. १९०९ मध्ये शिकागोत विल्यम हिली यांनी बालन्यायालयाशी जोडलेली तपासणी-संस्था सुरू केली आणि त्यामुळे मुलांच्या वर्तनाचा अभ्यास बराच काळ गुन्हेगारीच्या चौकटीत राहिला. आपल्याकडेही वाट तीच होती. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होते. १९२४ चा मुंबईचा बालक कायदा आणि १९२९ चा बोर्स्टल शाळांचा, म्हणजे तरुण गुन्हेगारांच्या सुधारगृहांचा, कायदा या भागाला लागू होता, आणि शेजारच्या धारवाडला बोर्स्टल शाळा होती. सुधारगृहापेक्षा वेगळे दार १९३७ मध्ये मुंबईत उघडले. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने तेथे बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले आणि ते भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि येथील मुलांच्या बाबतीत तज्ज्ञांचे गाव मुंबईऐवजी बंगळूर झाले.

घुमे मूल संशोधनाच्या नजरेत ठळकपणे आले ते १९६० च्या दशकात. १९६६ मध्ये थॉमस आखेनबाख यांनी मुलांच्या नोंदींमधील लक्षणांचे सांख्यिकी विश्लेषण केले, तेव्हा लक्षणांचे दोन मोठे गट आपोआप वेगळे झाले : मारामारी, खोटे बोलणे, चोरी यांसारखी बाहेर फुटणारी लक्षणे एका बाजूला, आणि भीती, उदासी, कारण न सापडणारी दुखणी यांसारखी आत जिरणारी लक्षणे दुसऱ्या बाजूला. शिक्षकांच्या बोलीतील हूड-घुमे ही जोडी तंतोतंत तीच नसली तरी फार दूरचीही नाही. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे : एकच मूल दोन्ही गटांत असू शकते, आणि पुष्कळदा असते.

त्याच सुमारास, १९६४-६५ मध्ये, मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट बेटावरील १० ते ११ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. दवाखान्यात आणलेल्या मुलांऐवजी एका भूभागातील त्या वयाची सगळी मुले पाहायची, पालकांना आणि शिक्षकांना स्वतंत्रपणे विचारायचे, आणि मुलाशीही बोलायचे, ही पद्धत तेथे रुजली. पालकांनी दाखवलेली मुले आणि शिक्षकांनी दाखवलेली मुले बव्हंशी वेगवेगळी निघाली. हीच मुले १४-१५ वर्षांची झाल्यावर त्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा आईवडिलांना आणि शिक्षकांना पत्ता नसलेले पुष्कळ दुःख त्यांनी स्वतः सांगितले. पुढे १९८७ मध्ये आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले : आई आणि वडील अशा एकाच प्रकारच्या साक्षीदारांत सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) सरासरी ०.६० होता, पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांतील माणसांत ०.२८, आणि मूल स्वतःविषयी जे सांगते त्याचा इतरांच्या सांगण्याशी केवळ ०.२२. माझ्या मते या विषयातील सर्वांत उपयोगी आकडे हेच आहेत. निपाणीच्या घरात विड्या वळता वळता आई जे मूल पाहते, आणि त्याच्या वर्गशिक्षिका जे मूल पाहतात, ती दोन वेगळी मुले असू शकतात आणि दोघींपैकी कोणीही खोटे बोलत नसते.

‘काय करते’ याकडून ‘असे का होते’ याकडे संशोधन वळले ते घराच्या अंगाने. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून तान्ह्या मुलांचा पाठपुरावा केला आणि काही मुले जन्मतःच चटकन बिथरणारी असतात, परंतु पुढे काय होते हे घराशी त्यांचा मेळ कसा बसतो यावर अवलंबून राहते, असे मांडले. ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घरातील भांडणे क्षणाक्षणाने टिपली. १९८२ मध्ये त्यांनी मांडलेले चक्र आठवडी बाजारात कोणालाही दिसेल : मूल खेळण्यासाठी लोळण घेते, आई ओरडते, मूल आणखी ओरडते, शेवटी आई खेळणे घेऊन देते. रडे थांबल्याने आईला सुटका मिळते, मुलाला खेळणे मिळते, आणि पुढच्या बाजारात दोघेही तोच धडा गिरवतात.

भावनांचे नियमन ही संज्ञा मध्यवर्ती झाली ती १९९० च्या दशकात. रॉस थॉम्पसन यांनी १९९४ मध्ये दिलेली व्याख्या भावना दाबण्यापुरती मर्यादित नव्हती. भावनेवर लक्ष ठेवणे, तिचे मोल करणे आणि हेतूनुसार तिला वळण देणे, हे सारे तिच्यात येते. जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये प्रसंग निवडण्यापासून प्रतिक्रिया आवरण्यापर्यंत पाच टप्पे सांगितले. मराठीला यातला भेद नवा नाही. राग गिळणे, राग आवरणे आणि राग निवळणे या तीन गोष्टी आपल्या बोलण्यातच वेगळ्या आहेत, आणि मूल राग गिळते तेव्हा तो निवळलेला नसतो. नॅन्सी आयझेनबर्ग यांच्या २००१ मधील अभ्यासात दोन्ही गटांतील मुलांना लक्ष वळवणे जड जात असल्याचे दिसले. मात्र बाहेर फुटणाऱ्या मुलांत राग आणि उतावीळपणा अधिक होता, तर आत कुढणाऱ्यांत उदासी अधिक आणि उतावीळपणा कमी. स्टॅनफर्डमधील गोड पदार्थासमोर थांबण्याचा वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग, जे मूल थांबू शकते ते पुढे अधिक यशस्वी होते असे भाकीत करणारा, पालकांच्या व्याख्यानांत अजून सांगितला जातो. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांवर तो तपासला गेला तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेताच त्याचे भाकीत पुष्कळ फिके पडले, हे सहसा सांगितले जात नाही.

चांगले नियमन म्हणजे काय, हे सगळीकडे एकच असते असेही नाही. पामेला कोल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील आणि नेपाळमधील मुलांना अवघड प्रसंग सांगून प्रतिक्रिया विचारल्या. नेपाळमधील ब्राह्मण मुलांना राग येई, पण तो ती दाखवणार नव्हती. तामांग मुले त्याच प्रसंगी शरम वाटेल असे सांगत. दोन्ही समाज एकाच देशातले होते. सीमाभागात प्रश्न भाषेचाही आहे. येथले मूल घरी मराठी, बसमध्ये आणि दुकानात कन्नड, आणि पुष्कळदा शाळेत इंग्रजी बोलते. मराठीत राग ‘येतो’, कन्नडमध्ये ‘सिट्टु’ही येतोच; दोन्ही भाषांत माणसावर भावना चालून येते. मूळ इंग्रजी प्रश्नावलीतील ‘मी चिडतो’ या धाटणीचे वाक्य मुलाच्या कोणत्या भाषेत उतरवायचे, यावर त्याचे उत्तर बदलू शकते.

भारतातील आकड्यांकडे याच नजरेने पाहावे लागते. निम्हान्स या बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बंगळूरच्या शहरी आणि ग्रामीण भागांतील १६ वर्षांपर्यंतच्या मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे १२ टक्के आढळले. चोर्ला घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या गोव्यात मात्र २००८ च्या पाहणीत १२ ते १६ वर्षांच्या मुलांत ते १.८१ टक्के होते. बंगळूरच्या आकड्यात अंथरूण ओले करणे, तोतरेपणा अशा लहान वयातील तक्रारीही मोजल्या होत्या, वयोगट निराळे होते आणि निदानाची साधनेही निराळी. गोव्याची मुले सातपट सुखी आहेत असा त्याचा अर्थ काढता येत नाही. निम्हान्सने शिक्षकांकरवी चालवलेल्या जीवनकौशल्यांच्या कार्यक्रमाचे मूल्यमापन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचा आत्मसन्मान आणि शिक्षकांशी जुळवून घेणे सुधारले, परंतु विकारांच्या लक्षणांत आणि घरच्या संबंधांत फरक दिसला नाही. २०१४ मध्ये केंद्र सरकारचा किशोरवयीनांसाठीचा आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातील दवाखान्यांना कर्नाटकात ‘स्नेह’ म्हणतात आणि महाराष्ट्रात ‘मैत्री’. निपाणीहून कागलला गेले की अर्थ जवळपास तोच राहतो, पाटी बदलते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने १३ ते १७ वर्षांच्या मुलांतील मानसिक विकारांसाठी ७.३ टक्के हा आकडा दिला. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्या बारांत ना कर्नाटक होते, ना महाराष्ट्र.