फ्रान्स–इटली रेल्वेप्रवास आणि युरेल पास : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्याकडे, विशेषतः मुंबई-ठाण्यात, पास म्हटला की लोकलचा पास डोळ्यांपुढे येतो. महिन्याचे किंवा तिमाहीचे पैसे एकदा भरले, की येईल ती गाडी पकडायची आणि तिकीटखिडकीकडे पुन्हा वळूनही पाहायचे नाही. युरोपचा रेल्वे पासही असाच असणार, या समजुतीने आमचे अनेक ग्राहक तो घेतात. जर्मनीत, ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमधल्या अंतर्गत गाड्यांत ही समजूत बऱ्याच अंशी खरीही ठरते. फ्रान्स आणि इटली या दोन देशांत मात्र ती खरी नाही, आणि एका देशातून दुसऱ्यात जाणाऱ्या वेगवान गाड्यांच्या बाबतीत तर ती सर्वांत महागात पडते. हे माहितीपत्रक आम्ही मुख्यतः तेवढ्यासाठी काढले आहे.

कोणता पास घ्यावा

भारतात राहणाऱ्या प्रवाशांसाठी जो पास असतो त्याला युरेल म्हणतात. तो १९५९ पासून युरोपाबाहेरच्या रहिवाशांना दिला जातो. युरोपात राहणाऱ्यांसाठी त्याच धर्तीचा इंटररेल पास आहे. यात नागरिकत्व पाहिले जात नाही, वास्तव्य पाहिले जाते. त्यामुळे लंडनला किंवा म्युनिकला नोकरीनिमित्त राहणारा आपला मुलगा भारतीय पासपोर्टवर असला तरी त्याने इंटररेल घ्यायचा आणि पुण्याहून जाणाऱ्या आईवडिलांनी युरेल. एकाच कुटुंबात दोन प्रकारचे पास निघाले, तर त्यात काही चुकले असे समजू नये.

फ्रान्स आणि इटली असा फक्त दोन देशांचा पास पूर्वी मिळत असे, तो आता मिळत नाही. आज ग्लोबल पास, जो ३३ देशांत चालतो, किंवा एकेका देशाचा स्वतंत्र पास, एवढेच पर्याय आहेत. दोन स्वतंत्र पास घेण्याचा विचार ग्राहक बोलून दाखवतात, परंतु सीमा ओलांडण्याच्या दिवशी दोन्ही पासांचा एकेक दिवस खर्ची पडतो. त्यामुळे ज्यांच्या प्रवासात सीमेपलीकडे जाणे आणि परत येणे दोन्ही आहे, त्यांना आम्ही ग्लोबल पासच सुचवतो. त्यात एका महिन्याच्या मुदतीत ४, ५ किंवा ७ दिवस, अथवा दोन महिन्यांच्या मुदतीत १० किंवा १५ दिवस प्रवासाचे मिळतात. सलग दिवसांचा पासही असतो, पण प्रत्येक शहरात दोन-तीन रात्री मुक्काम करणाऱ्यांना त्याचा उपयोग होत नाही. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना आणि साठी ओलांडलेल्यांना सवलत आहे. ४ ते ११ वर्षांची मुले मोठ्या माणसाबरोबर मोफत जातात, एका मोठ्या माणसामागे दोन मुलांपर्यंत. मात्र त्यांच्याही नावे बालपास काढून घ्यावा लागतो आणि राखीव जागेचे पैसे त्यांनाही भरावे लागतात.

पास म्हणजे जागा नव्हे

पास हा गाडीत चढण्याचा हक्क आहे, बसण्याची जागा नाही. फ्रान्समधील टीजीव्ही ही अतिवेगवान गाडी, इटलीतील तशीच वेगवान फ्रेच्यारोसा व लांब पल्ल्याची साधी इंटरसिटी, आणि पॅरिस ते मिलान धावणारी टीजीव्ही या सर्व गाड्यांत आरक्षण सक्तीचे आहे आणि त्याचे शुल्क पासाच्या किमतीत धरलेले नाही. इटलीच्या अंतर्गत गाड्यांत ही रक्कम किरकोळ आहे. फ्रेच्यारोसाला साधारण १३ युरो आणि इंटरसिटीला ३ युरो पडतात, आणि जागाही बहुधा आदल्या दिवशीपर्यंत मिळते. फ्रान्समधील अंतर्गत टीजीव्हीला १० किंवा २० युरो लागतात. पॅरिस–मिलान गाडीला मात्र दुसऱ्या वर्गातही ३० युरोंच्या आसपास मोजावे लागतात. चौघांच्या कुटुंबाने जाण्या-येण्याचा हिशेब केला, तर ही रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी राहत नाही.

पैशांपेक्षाही मोठी अडचण संख्येची आहे. या गाड्यांत पासधारकांसाठी ठरावीकच जागा ठेवलेल्या असतात. त्या संपल्या, की डब्यात रिकामी आसने दिसत असूनही पासधारकाला आरक्षण मिळत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका ग्राहक कुटुंबाने पास आमच्याकडून घेतला आणि आरक्षण पॅरिसला पोहोचल्यावर खिडकीवर करू, असे ठरवले. मिलानच्या गाडीतील पासधारकांचा कोटा तोपर्यंत संपला होता. पुढचे हॉटेल रद्द करता येत नव्हते, म्हणून पास हातात असताना त्यांना पूर्ण दराची पाच तिकिटे काढावी लागली. आम्ही त्यांना सांगितले होते, पण पुरेसे ठासून सांगितले नव्हते, आणि ती चूक आमची होती. तेव्हापासून सीमेपारच्या गाडीचे आरक्षण हाती आल्याशिवाय आम्ही त्या तारखेचे हॉटेल पक्के करत नाही, आणि ग्राहकांनीही करू नये अशी आमची विनंती आहे. आधी गाडीतली जागा, मग मुक्काम, हाच क्रम ठेवावा.

काही गाड्यांत हा पास चालतच नाही. फ्रान्समधील विगो ही स्वस्त गाडी आणि इटलीतील इटालो ही खासगी कंपनीची गाडी, या दोन्हींत पास दाखवून काही उपयोग होत नाही. रोमच्या तेर्मिनी स्थानकावर याबाबत विशेष लक्ष ठेवावे, कारण फ्रेच्यारोसाही लाल आणि इटालोही लालसर, दोन्ही फ्लोरेन्सला आणि मिलानला जातात, आणि काही वेळा शेजारशेजारच्या फलाटांवर उभ्या असतात. गाडीच्या रंगावर न जाता फलकावरचे नाव आणि क्रमांक आपल्या आरक्षणाशी ताडून पाहावा.

आल्प्समधून जाणारा मार्ग

पॅरिसच्या गार द लियों स्थानकातून सुटणारी टीजीव्ही शांबेरीवरून मोरियेन खोऱ्यात शिरते, मोदान या शेवटच्या फ्रेंच स्थानकानंतर १८७१ साली खुल्या झालेल्या सुमारे साडेतेरा किलोमीटरच्या फ्रेज्युस बोगद्यातून इटलीत बार्दोनेक्किया येथे बाहेर पडते आणि तुरीनवरून मिलानला पोहोचते. सर्व मिळून प्रवास सुमारे सात तासांचा आहे. याच खोऱ्यात २७ ऑगस्ट २०२३ रोजी दरड कोसळली आणि हा लोहमार्ग २०२५ च्या मार्चअखेरीपर्यंत बंद होता. या मार्गाला जवळचा पर्याय नाही, हे ग्राहकांच्या लक्षात यावे म्हणून आम्ही ही गोष्ट सांगत आहोत. परतीचे विमान पॅरिसहून असेल, तर मिलानहून त्याच दिवशी निघून विमान गाठण्याचा बेत कृपया आखू नये. एक रात्र पॅरिसमध्ये हाताशी ठेवावी.

ही टीजीव्ही मिलानच्या मुख्य स्थानकात, म्हणजे चेंत्रालेला जात नाही, ती पोर्ता गारिबाल्दी येथे थांबते. व्हेनिस किंवा रोमची पुढची गाडी चेंत्रालेहून असेल, तर मेट्रोच्या हिरव्या मार्गाने दोन स्थानके जावे लागते. या मेट्रोवर पास चालत नाही, वेगळे तिकीट घ्यावे लागते. सामान आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील, तर दोन गाड्यांमध्ये किमान दीड तासाचे अंतर ठेवावे असे आमचे मत आहे.

समुद्रकाठचा मार्ग

घाई नसणाऱ्यांना आम्ही नीसवरून जाणारा मार्ग मनापासून सुचवतो. नीसहून व्हेंतिमिलियापर्यंत फ्रान्सची प्रादेशिक गाडी जाते. तिला आरक्षण लागत नाही, ती मोनाको आणि मांतों येथे थांबते आणि तासाभराच्या आत इटलीतल्या पहिल्या मोठ्या स्थानकात आणून सोडते. येथे गाडी बदलावीच लागते, कारण दोन्ही देशांच्या रेल्वेची वीजप्रणाली आणि व्यवस्था वेगवेगळी आहे. पुढे जेनोव्हापर्यंत इटलीची प्रादेशिक गाडी, जिला आरक्षण नको, किंवा ३ युरोंचे आरक्षण लागणारी इंटरसिटी घेता येते. इंटरसिटीला जेनोव्हापर्यंत साधारण दोन तास लागतात.

पूर्वेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला येतो, म्हणून खिडकी उजव्या बाजूची धरावी. मांतोंपर्यंत पाणी अगदी रुळांलगत दिसते. व्हेंतिमिलियानंतर मात्र लवकरच निराशा होते, कारण लोहमार्ग आता आतल्या बाजूला बोगद्यांत नेला आहे आणि सानरेमोचे स्थानक तर जमिनीखालीच आहे. सान लोरेंझोपासून आंदोरापर्यंतचा नवा भाग २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. तेव्हा पुस्तक किंवा डबा याच टप्प्यात उघडावा, कारण आंदोरा सुटले की गाडी पुन्हा जुन्या किनारी मार्गावर येते, आणि अलास्सियोपासून फिनालेपर्यंत लाटा, होड्या आणि रंगवलेली घरे खिडकीला लागून जातात. हा तुकडा अजून एकेरी रुळांचा असल्याने समोरची गाडी येईपर्यंत थांबावे लागते आणि दहा-पंधरा मिनिटांचा उशीर येथे नेहमीचा आहे. जेनोव्हात पुढची गाडी पकडायची असेल, तर तो धरून चालावे.

नीस–व्हेंतिमिलिया हे तिकीट स्वस्त असते. त्या दिवशी आपण फक्त एवढाच प्रवास करणार असाल, तर पासाचा दिवस मुळीच खर्च करू नये, साधे तिकीट काढावे. चिंक्वे तेर्रे या किनाऱ्यावरच्या पाच गावांमधील फेऱ्या, फ्लोरेन्सहून पिसा, व्हेनिसहून पादोव्हा यांनाही हाच नियम लावावा. पासाचा दिवस मध्यरात्री सुरू होऊन पुढच्या मध्यरात्री संपतो, आणि तेवढ्या वेळात कितीही गाड्या घेता येतात. म्हणून पॅरिस–नीस, रोम–व्हेनिस, व्हेनिस–मिलान–पॅरिस असे लांब पल्ल्याचे दिवसच पासावर टाकावेत. प्रवासात असे तीनच दिवस निघत असतील आणि तारखा नक्की असतील, तर पास न घेता दोन-तीन महिने आधी सुटी तिकिटे काढणे स्वस्त पडू शकते. अशा वेळी आम्ही तसे स्पष्ट सांगतो, मग आमचे काम कमी झाले तरी चालेल.

पॅरिसच्या ओस्टरलित्झ स्थानकातून नीसला रात्रीची गाडीही जाते. तिलाही आरक्षण लागते, पण ती मध्यरात्रीपूर्वी सुटत असल्याने आणि वाटेत बदलावी लागत नसल्याने सुटण्याच्या तारखेचा एकच दिवस पासातून वजा होतो. फ्रान्समधून इटलीत जाणारी थेट रात्रगाडी सध्या नाही.

मोबाइलवरील पास

पास आता बहुतेक मोबाइलवरच घेतला जातो. त्यासाठी रेल प्लॅनर हे अॅप आपल्या फोनमध्ये घेऊन त्यात पासाचा क्रमांक आणि आडनाव टाकायचे असते. पास मिळाल्यापासून ११ महिन्यांच्या आत तो सुरू करावा लागतो. पासपोर्टवर जसे नाव आहे तसेच पासावर हवे. वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये लिहिण्याच्या आपल्या पद्धतीमुळे येथे घोटाळा होतो, म्हणून पासपोर्टचे छायाचित्र पाहूनच आम्ही नाव भरतो.

गाडीत चढण्यापूर्वी ती गाडी अॅपमध्ये शोधून आपल्या प्रवासात जोडावी, मग तिच्यासमोरची कळ सरकवून ती पासावर घ्यावी आणि दिवस वापरल्याची खात्री द्यावी. त्यानंतर जो चौकोनी कोड दिसतो तोच तिकीट तपासनीसाला दाखवायचा असतो. तपासनीस समोर आल्यावर हे करायला घेतले, तर ते विनातिकीट प्रवासात मोडू शकते. अॅप दर तीन दिवसांतून एकदा तरी इंटरनेटशी जोडलेले असावे लागते. फ्रेज्युसच्या बोगद्यात किंवा लिगुरियाच्या, म्हणजे व्हेंतिमिलिया–जेनोव्हाच्या, किनाऱ्यावर नेटवर्क मिळेलच असे नाही, तेव्हा कोड सकाळी हॉटेलच्या वायफायवरच उघडून ठेवावा. आरक्षणाचा कागद वेगळा असतो आणि तो व पास असे दोन्ही लागतात.

स्थानकांची नावे दोन्ही भाषांत बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. इटलीतल्या फलकावर पॅरिसला ‘पारीजी’ आणि नीसला ‘नीत्सा’ लिहिलेले असते, तर फ्रान्समध्ये व्हेंतिमिलियाचे ‘व्हँतिमीय’ होते. फलाटाला फ्रेंचमध्ये ‘व्वा’ आणि इटालियनमध्ये ‘बिनारियो’ म्हणतात. पॅरिसला फलाट क्रमांक गाडी सुटण्यापूर्वी साधारण वीस मिनिटेच जाहीर होतो, त्यामुळे तोपर्यंत सर्वांनी फलकासमोर एकत्र थांबावे. फ्रेंच टीजीव्हीत प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी असणे बंधनकारक आहे.

शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना पुरतो. तरीही फ्रान्सने २०१५ च्या नोव्हेंबरपासून आपल्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केलेली आहे आणि इटलीतून येणाऱ्या गाड्यांत मांतों गाराव्हान आणि मोदान येथे पोलीस चढतात. मूळ पासपोर्ट मोठ्या बॅगेत न ठेवता अंगावर ठेवावा. छायाप्रत चालत नाही.

इटलीत संपाची सूचना बहुधा आधी जाहीर होते. कामाच्या दिवशी प्रादेशिक गाड्यांपैकी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळातल्या ठरावीक गाड्या संपातही चालवल्या जातात. आमच्यामार्फत आरक्षण केलेल्या ग्राहकांना अशी सूचना आम्ही व्हॉट्सअॅपवर कळवतो.

आरक्षणासाठी कार्यालयात येताना सर्व प्रवाशांच्या पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाच्या प्रती, मुलांच्या जन्मतारखा, आणि कोणत्या शहरात किती रात्री राहायचे याचा साधा कागदावर लिहिलेला आराखडा सोबत आणावा. मिलानला किंवा पॅरिसला जाण्याची तारीख एक-दोन दिवस मागेपुढे होऊ शकत असेल, तर तेही त्याच कागदावर लिहावे, कारण कोट्यातली जागा मिळते की नाही हे बहुतेक वेळा त्यावरच ठरते.