डेमोडेक्स

सस्तन प्राण्यांच्या केसपुटकांत (केसाच्या मुळाभोवतीच्या पिशव्यांत) व त्यांना लागून असलेल्या स्नेहग्रंथींत (त्वचेला तेलकट ठेवणाऱ्या ग्रंथींत) राहणाऱ्या परजीवी माइटांची (अतिसूक्ष्म किड्यांची) प्रजाती. नात्याने ही गोचीड व कोळी ह्यांच्या अष्टपाद वर्गातली. मात्र आकार अळीसारखा लांबट, पायांच्या चारही आखूड जोड्या पुढच्या भागात एकवटलेल्या. माणसावरील डे. फॉलिक्युलोरम ०.३ ते ०.४ मिमी. भरते, ती डोके खाली करून पुटकात असते.

शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ याकोब हेन्ले ह्यांना हा माइट १८४१ च्या सुमारास कानाच्या मळात दिसला. जर्मन वैद्य गुस्टाव्ह झिमोन ह्यांनी मुरमांच्या पुटकांतून तो वेगळा काढून १८४२ मध्ये अकारस फॉलिक्युलोरम असे नाव देऊन सविस्तर वर्णन केले. पाहण्यापेक्षा वर्णनाला महत्त्व दिल्यास झिमोन ह्यांचे पारडे जड ठरते. डेमोडेक्स हे प्रजातीनाम ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन ह्यांचे (१८४३). ते ‘चरबी’ व ‘लाकूड पोखरणारी अळी’ ह्या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आले. पहिल्या पदाचा ‘लोक’ ह्या अर्थाच्या ‘डेमॉस’शी संबंध जोडू नये. स्नेहग्रंथींत राहणारी आखूड डे. ब्रेव्हिस १९६३ मध्ये वेगळी ओळखली गेली.

ह्या माइटांना गुदद्वार नसते, विष्ठा आयुष्यभर शरीरातच साठते, असे विधान ग्रंथांतून दीर्घकाळ उतरत आले. डे. फॉलिक्युलोरमपुरते ते २०२२ मधील संशोधनाने खोडले आहे.

प्रत्येक जातीचा आश्रयी (ज्याच्या अंगावर ती राहते तो प्राणी) बहुधा ठरलेला असतो. कुत्र्यावरील डे. कॅनिस पिलांना जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत दूध पिताना आईकडून मिळतो. निरोगी कुत्र्यातही तो थोडा असतोच. प्रतिकारशक्ती ढळली की संख्या वाढून लूत होते. निदानासाठी कातडी चिमटीत दाबून, रक्ताचे बारीक थेंब दिसेपर्यंत पात्याने खरवडतात व खरवड तेलाच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आयव्हरमेक्टिन हे औषध गुणकारी आहे, पण कोली व तत्सम मेंढपाळी कुत्र्यांत ते घातक ठरू शकते.

गाईबैलांत डे. बोव्हिसमुळे कातडीत गाठी होतात. केसांखाली त्या नजरेतून सुटतात; नुकसान उघडे पडते ते चर्मालयात, कातडे कमावल्यावर खळगे वा भोके दिसतात तेव्हा. शेळीतील गाठ (डे. कॅप्री) पिळल्यास घट्ट, चिकासारखा पदार्थ निघतो. मांजरातील डे. गॅटोई हा अपवाद : तो पुटकात न शिरता कातडीच्या वरच्या थरात राहतो आणि एका मांजरातून दुसऱ्यात पसरतो.