दहा श्वासांचा एक मणी

तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी आणि जोडीला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बालवाडीतली मणीपाटीच वाटावी. गडचिरोलीत मात्र या खेळण्यासारख्या वस्तूनं न्यूमोनियाचं निदान केलं जातं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथे काम सुरू केलं, त्या काळात म्हणजे १९८८च्या सुमारास, दर हजारी १२१ बाळं वर्षाच्या आतच दगावत होती. न्यूमोनिया हे त्यातलं एक मोठं कारण. या आजारात फुप्फुस ताठरतं, एका श्वासात पुरेशी हवा मावत नाही आणि ती तूट भरून काढायला बाळ भराभर श्वास घेतं. त्यामुळे छातीकडे बघून श्वास मोजले तरी आजार ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६०, त्याहून मोठ्याचे ५० झाले की धोका समजायचा.

पण हे श्वास मोजायचे होते गावातल्या सुईणींनी, आणि त्यांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं! ‘या बायकांना नाही जमायचं’ म्हणून कुणीही हात झटकले असते. इथे मोजणंच दहावर आणलं गेलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्यासाठी पाच हिरवे नि एक लाल, मोठ्यासाठी चार हिरवे नि एक लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की औषध सुरू. आरोग्यातल्या विषमतेवरच्या ढीगभर परिसंवादांपेक्षा मला ही मणीपाटी जास्त बोलकी वाटते.

नवजात बाळाचं प्रकरण याहून अवघड. जंतुसंसर्ग झाला तरी त्याला ताप येईलच असं नाही, कधी ते उलट गार पडतं. दूध ओढेनासं होतं, रडणं क्षीण होतं, अंग लुळं पडतं. दवाखाना लांब, पावसाळ्यात नाले भरलेले, आणि ओली बाळंतीण घराबाहेर पडायची नाही. तेव्हा उपचारच घरी न्यायचे ठरले. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. वजन-तापमान घेणं, बाळाला ऊबदार पिशवीत ठेवणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं त्या शिकल्या. जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं (अँटिबायोटिकचं) इंजेक्शन देणंसुद्धा. सुई डॉक्टरच्याच हाती शोभते असं मानणाऱ्यांना हे धाडसच वाटणार. पण जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. ३९ गावांत हा प्रयोग झाला, ४७ गावं तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतले नवजात-मृत्यू तुलनेनं ६२ टक्क्यांनी कमी भरले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

२०११मध्ये केंद्र सरकारनं ही घरभेटींची पद्धत देशभर आशाताईंकडे सोपवली. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात. साऱ्या भेटींचा मिळून मोबदला ठरला २५० रुपये. म्हणजे एका भेटीचे जेमतेम चाळीस, पायपीट धरून.